मदत हवी आहे: इतिहासाच्या पीएचडीसाठी दुसरी भाषा कोणती घेऊ? पोर्तुगीजनंतर फारसी की फ्रेंच, आणि मराठी-मोडी का धरत नाहीत?

वसईची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हाला सल्ला देणं अवघड जाईल, म्हणून सगळंच लिहिते.

मी अमेरिकेत इतिहासात पीएचडी करते आहे. दुसरं वर्ष संपत आलंय. विषय असा: मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर आसपासच्या गावांतल्या जमिनींचं काय झालं? १५३४ पासून दोनशे वर्षं पोर्तुगीजांनी तिथली गावं फिदाल्गोंना, म्हणजे त्यांच्या सरदार-उमरावांना, तीन आयुष्यांच्या कराराने लावून दिली होती. म्हणजे घेणारा, त्याचा वारस आणि त्या वारसाचा वारस. पेशव्यांचा अंमल बसल्यावर त्या गावांत राबणाऱ्या कुळांचं काय झालं, कोणाचा हक्क टिकला आणि कोणाचा बुडाला, हे मला शोधायचंय. मी स्वतः वसईची आहे. आजी घरात सामवेदी ही आमच्याकडची बोलीच बोलते. लहानपणापासून हा प्रश्न डोक्यात आहे, त्यामुळे विषय बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नका.

आता अडचण. आमच्या विभागाचा नियम आहे की तिसरं वर्ष संपण्याआधी इंग्रजीखेरीज दोन भाषांची परीक्षा द्यायची. दोन तास, दीडेक पानाचा उतारा, शब्दकोश जवळ ठेवता येतो, इंग्रजीत भाषांतर करायचं. ती पास झाल्याशिवाय मुख्य परीक्षेला बसू देत नाहीत.

पोर्तुगीजची परीक्षा मी नोव्हेंबरात दिली आणि नापास झाले. वर्षभर रोज तासभर अभ्यास केला होता. पगार, चावी, लिलाव, तुरुंग, बिजागरी हे आपले रोजचे शब्द तिकडून आलेत म्हटल्यावर भाषा ओळखीची वाटायला लागली होती, आणि तिथेच फसले. 'फोइ' हे एकच रूप 'होता' आणि 'गेला' अशा दोन्ही अर्थांनी येतं. उताऱ्यात एक माणूस वसईचा कप्तान होता, मी त्याला वसईला पाठवून दिला. एकदा वाक्य चुकलं की पुढचा सगळा परिच्छेद त्याच वाटेने गेला. शब्दकोशात शब्द सापडतात, क्रियापदाची रूपं सापडत नाहीत, हे तेव्हा कळलं.

दुसरी भाषा म्हणून मी मराठी मागितली, तर समितीने नकार दिला. मातृभाषेची परीक्षा कशी घेणार, असं त्यांचं म्हणणं. मोडीचं सांगितलं तर म्हणाले, ती लिपी आहे, भाषा नाही. खरं सांगते, त्या दिवशी फार वाईट वाटलं. माझी निम्मी साधनं पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीत आहेत आणि मी अजून ती अडखळतच वाचते.

मार्गदर्शक म्हणतात फारसी घे. वरच्या वर्गातले म्हणतात फ्रेंच घे, चार महिन्यांत सुटशील. माझ्या विषयाला फ्रेंचचा काडीचा उपयोग नाही. पण वेळ एकच वर्ष आहे. या वाटेने कोणी गेलं असेल तर सांगा: पोर्तुगीजची दुसरी खेप कशी तयार करू? आणि मराठीसाठी परत भांडू का?

---

दप्तरदार

भांडू नका, दाखवा. समितीतल्या कोणी मोडीचं पान पाहिलेलं नसणार. १७४० च्या आसपासचा एक कागद घ्या, त्याचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर करा, मग भाषांतर करा आणि तिन्ही अर्जाला जोडा. मोडीत आधी पानभर ओळ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. शब्द कुठे तुटतो हे भाषा आणि काळ ठाऊक असलेल्यालाच कळतं. आजची मराठी येणाऱ्याला ते आपोआप येत नाही, हा मुद्दा लिहून द्या.

तारखेचंच पाहा. तुमच्या वर्षाच्या कागदावर 'अर्बैन मया व अलफ' असं असेल. चाळीस, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन (मराठी दफ्तरांतली जुनी कालगणना) ११४०. त्यात ५९९ मिळवले की १७३९ चं मृगसाल, म्हणजे मृग नक्षत्रापासून सुरू होणारं वर्ष, येतं. मराठी कागदाची तारीखसुद्धा अरबी आकड्यांत आहे. तेव्हा तुमचे मार्गदर्शक फारसी म्हणतात ते अगदीच चूक नाही. पण कागदांतले फारसी-अरबी शब्द ओळखणं वेगळं आणि फारसी ग्रंथ वाचणं वेगळं. तुम्हाला पहिलं पुरेल.

---

मांडवीकाठ

वसईच्या ताई, पोर्तुगीजबद्दल सांगतो. मी पणजीच्या पुराभिलेखात बरीच वर्षं बसलोय.

पहिली गोष्ट, परीक्षा आणि दफ्तर यांची गल्लत करू नका. परीक्षेला छापील भाषा येते. दफ्तरात, म्हणजे गोवा-लिस्बन पत्रव्यवहाराच्या मोंसोंइश बाडांत, हस्ताक्षर येतं. तिथे शब्दाचं पहिलं अक्षर, वर लटकलेली शेवटची दोन अक्षरं, मधलं सगळं गायब. क्यूवर एक रेघ मारली की झाला 'के'. शाईने कागद खाल्लेला असतो ते वेगळंच. हे सगळं परीक्षेनंतर शिका.

परीक्षेसाठी कुन्य रिव्हार यांनी १८५७ पासून नव्या गोव्यात छापलेले जुने कागद वाचा. भाषा जुनी, पण अक्षर छापील. रोज एकच परिच्छेद घ्या आणि प्रत्येक क्रियापदाखाली कर्ता कोण ते पेन्सिलीने लिहा. 'फोइ'च्या पुढे जागेचं नाव असेल तर गेला, हुद्दा असेल तर होता. पुढे भेटणारं 'फोर' त्याच दोन क्रियापदांचं आहे: 'गेला तर', 'असला तर'. 'लोगु' आज 'थोड्या वेळाने' अशा अर्थी येतं, जुन्या कागदात मात्र 'ताबडतोब'. हुकमाचा अर्थच उलटा होतो, सांभाळा.

शब्दकोश आजचा नेऊ नका. ब्ल्यूतोचा १७१२ पासून निघालेला कोश नेटवर फुकट आहे, तुमच्या कागदांच्याच काळातला. आणि आपल्याकडच्या शब्दांसाठी आसगावच्या दाल्गाद पाद्रींचा कोश.

---

सरळमार्गी

फ्रेंच घ्या, पास व्हा, मोकळ्या व्हा. नियम एकदा ओलांडला की हवं ते शिकायला आयुष्य पडलंय. माझ्या बहिणीने असंच केलं आणि तिचं काही अडलं नाही.

---

वसईची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सरळमार्गी, तुमचं म्हणणं कळतं, पण मला शिष्यवृत्ती तिसऱ्या वर्षापर्यंतच आहे. त्यातले चार महिने फ्रेंचला दिले तर मोडीचे चार महिने जातात, आणि ते नंतर कुठून आणू?

मांडवीकाठ दादा, काल रात्री कर्ता शोधायची युक्ती जुन्याच उताऱ्यावर करून पाहिली. तीन चुका माझ्या मलाच दिसल्या. मार्चमध्ये पुन्हा बसते.

दप्तरदार, अर्ज तुम्ही म्हणता तसाच करते. समितीपुढे तिन्ही मांडते: मोडी कागद, बाळबोध आणि इंग्रजी. सोबत मार्गदर्शकांना विनंती करेन की परीक्षा मोडी उताऱ्याचीच घ्या, बाहेरचा परीक्षक बोलवा. फक्त एक अडलंय. माझ्याकडे पेशवे दफ्तरातल्या ज्या कागदाची प्रत आहे त्यात एका गावाच्या नावापुढे 'कसबे' (मोठं गाव) आहे की 'तर्फे' (परगण्याचा पोटभाग) हे मला लागत नाही. अक्षर वळणदार आहे आणि तिथेच घडी पडली आहे. फोटो टाकला तर तुम्ही पाहाल का?