बादलीला वास येतोय म्हणजे ओल जास्त झालीय
मुलांसोबत लावलेल्या कंपोस्टच्या बादलीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि हेच खत घालून आता पेरणी करायची आहे, असं वर विचारलंय. असा वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. तळाला आणि बाजूंना 8-10 मिमीची भोकं हवीतच. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन-तीन वाट्या सुकी पानं घाला आणि सगळं खालीवर करा. पानं चुरायचं काम मुलांकडे द्या (ते त्यांना मनापासून आवडतं). अख्खी पानं एकमेकांना चिकटून थर धरतात, मग आत हवाच जात नाही. मूठभर घेऊन दाबा: एखाद-दुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर आणखी पानं.

अर्धवट कुजलेलं खत कुंडीत घालू नका, कोवळ्या रोपांना सोसत नाही. सध्या साध्या मातीतच मुळा पेरा, 1 सेंमी खोल, 3 सेंमी अंतरावर. माती 20 अंशांच्या आसपास असेल तर चार-पाच दिवसांत उगवतो. 10 अंशांवर दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्यात मुलं उकरून बघणार, म्हणून एक कुंडी फक्त उकरण्यासाठीच ठेवा. नंतर हात साबणाने धुवायला लावा.