गच्चीवरच्या माणसांचा चहा

(आमच्या रत्नागिरीतल्या सोसायटीचा ग्रुप. मे महिना, शनिवार. गच्चीच्या कामाचा तिसरा दिवस.)

सेक्रेटरी, ए-१०४ (सकाळी ९.१२): नमस्कार. जुना कोबा फोडून झाला, आज नवीन घालायला घेतायत. मृग लागायच्या आत गच्ची आटपायचीच आहे. पाण्याच्या टाक्या दुपारी १२ ते ४ बंद राहतील, भरून ठेवा. दुसरं म्हणजे, कामगार बी विंगच्या वरच्या जिन्यात जेवायला बसतात अशी तक्रार आली आहे. ठेकेदाराशी बोलतो.

सी-१०१: तक्रार माझीच. पायरीवर रस्सा सांडलेला होता. मुलगा घसरला असता.

बी-२०२: रस्सा पुसायला सांगू, पण त्यांनी जेवायचं कुठे? आठ माणसं आहेत. टाकीच्या सावलीत एक मावतो, तोही पाय पोटाशी घेऊन.

सी-३०२ (कुडाळवाले भाऊ): जिन्यात नाय तर खंय बसतले? पत्र्याखाली? थंय भाकरी परत भाजून निघतली. आधी तेंका कोणी चाय-पाणी इचारल्यान काय ता सांगा.

सी-१०१: भाऊ, काम ठेक्याने दिलंय. चहापाणी ठेकेदाराच्या दरात आलं. आम्ही ट्रॉल्या बसवून घेतल्या तेव्हा सुतारांना दोन वेळा चहा, सकाळी पोहे, एकदा तर जेवण. सहा दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. लाड केले की असं होतं.

बी-२०२: दादा, तुमचं काम लांबलं कारण बिजागऱ्या कोल्हापूरहून यायच्या होत्या. तुम्हीच तेव्हा ग्रुपवर रोज विचारत होता, कोणी कोल्हापूरहून येतंय का म्हणून.

सी-१०१: तेही एक कारण होतं.

बी-३०१ काकू: मी देते हो रोज. सगळ्यात वरचं घर आमचं, घणाचे ठोके आमच्याच डोक्यावर. अकराला चहा, चारला चहा. काल शिरा केला होता तोही दिला. त्यांच्यासाठी वेगळे कपच काढून ठेवलेत, त्यामुळे मला काही त्रास नाही.

सेक्रेटरी, ए-१०४: धन्यवाद काकू.

ए-१०१ (मेडिकलवाले): चहा ठीक आहे, पण ह्या उकाड्यात पाणी जास्त महत्त्वाचं. काल त्यांच्यातला एक जण दुकानात पायात गोळे येतात म्हणून गोळी मागत होता. गोळी नाही दिली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण नीट घ्यायचं, मीठ अंदाजाने टाकायचं नाही. आपल्याकडे घाम येतो आणि वाळत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही माणसाला.

ए-२०३ (सर): कोकम सरबत उत्तम. मीठ, जिरं घालून.

बी-१०३ (आपा): सर, पण तांब्याच्या कळशीत करून ठेवू नका हां कोणी. गेल्या वर्षी पूजेला केलं होतं ते कळकलं होतं. स्टीलच्या डब्यात ठेवा.

ए-२०३ (सर): ते आमच्याच घरचं होतं आपा. आठवण करून दिल्याबद्दल आभारी आहे.

बी-२०२: मी आत्ता वर जाऊन आले. दोन बाटल्या पाणी नेलं होतं. निम्मंसुद्धा संपलं नाही. मला वाटलं फ्रीजचं नको असेल, माठातलं आणू का विचारलं. त्यांच्यातला तो लहान पोरगा हसला नुसता. मग हळूच म्हणाला, "ताई, पाणी प्यायलं की खाली जायला लागतं. खाली कुलूप असतं."

ए-१०१ (मेडिकलवाले): हे लक्षातच आलं नव्हतं.

बी-२०२: पार्किंगमधला संडास. वॉचमनसाठी बांधलेला. दिवाळीपासून कुलूप आहे. हे लोक तीन मजले उतरून, रस्ता ओलांडून मागच्या माळावर जातात. म्हणून सकाळपासून पाणी तोंडाला लावत नाहीत. आणि आपण इथे सरबतात जिरं घालायचं की नाही ते ठरवतोय.

सेक्रेटरी, ए-१०४: कुलूप मी लावलं होतं. बाहेरची माणसं घाण करून जात होती. चावी माझ्याकडे आहे, पण मी दिवसभर ऑफिसात असतो.

सी-३०२ (कुडाळवाले भाऊ): मगे चावी तुमच्या खिशात ठेवन काय उपेग?

सेक्रेटरी, ए-१०४: मान्य. वॉचमनकडे देतो. साबण आणि बादली सोसायटीच्या खर्चातून.

सी-१०१: साफसफाईचं कोण बघणार, तेही ठरवा. नाहीतर पुन्हा माझीच तक्रार येईल आणि मीच वाईट.

सेक्रेटरी, ए-१०४: झाडूवाल्या मावशींना त्याचे वेगळे पैसे देऊ. फुकट नाही सांगणार.

(मधे तासभर कोणी काही लिहिलं नाही.)

बी-२०२ (सकाळी ११.३५): काकू, रागावू नका, एक सांगते. आज चहा वर नेलात तेव्हा माल नुकताच कालवलेला होता. सिमेंट कालवलं की अर्ध्या-पाऊण तासात पसरून संपवायला लागतं. मिस्त्री हातातली थापी टाकून चहाला बसला तर माल आवळतो, नाही बसला तर चहा गार. त्यांनी तो गारच प्यायला. मिस्त्रीला आधी विचारायचं, "हा माल कधी संपेल?" तो नेमकी वेळ सांगतो.

बी-३०१ काकू: अगं हो का? मला वाटलं आवडला नाही. साखर कमी पडली म्हणून उद्या दोन चमचे जास्त टाकणार होते.

बी-२०२: साखरही विचारून घ्या. मोठ्या मिस्त्रींना मधुमेह आहे, ते बोलत नाहीत.

ए-२०३ (सर): ताई, तुम्हाला ह्यातलं इतकं कसं माहीत?

बी-२०२: सर, बाबा गवंडी होते. चिऱ्याचं काम करायचे. एकेक चिरा तीस किलोच्या वर. आमच्याकडे गावात मजुरीचे दोन हिशेब असायचे, जेवून इतका रोज, न जेवता इतका. जेवणाचा रोज असेल तर दहाला उकड्या तांदळाची पेज, खारातली मिरची, कधी भाजलेला बांगडा. दुपारी भात-आमटी. बाबा म्हणायचे, घरमालक कसा आहे ते पेजेवर कळतं. दाट असली की माणूस दिलदार.

सी-३०२ (कुडाळवाले भाऊ): आमच्याकडे कौला चाळूक माणसा इली काय आवस सकाळीच चुलीर पेजेचो टोप चढवी. तेंच्या पंगतीक आमी पण. आमका शाळेच्या डब्यापेक्षा ती पेज बरी लागा.

सी-१०१: म्हणजे जेवण दिलं की रोज कमी. मी तेच म्हणत होतो. हिशेबातच असतं ते.

बी-२०२: बरोबर दादा. हिशेबात असेल तर हिशेबात द्यायचं. आणि ठेकेदार देतो म्हणाला असेल तर तो देतो का ते बघायचं. तो सकाळी एकदा येतो, फोनवर बोलतो, जातो. आपल्या दरात चहा धरलाय, पण चहा आलाय कोणी बघितला?

सेक्रेटरी, ए-१०४: आत्ता फोन केला त्याला. म्हणतो, "टपरीवर खातं लावून दिलंय." टपरी नाक्यावर आहे. जाऊन-येऊन वीस मिनिटं.

बी-१०३ (आपा): माझं ऐका जरा. दोन वर्षांमागे आमच्याकडे रंगाचं काम रमझानात आलं. बिहारकडची दोन मुलं. घरात सगळ्यांचे रोजे, म्हणून ती मुलं दुपारी डबाच उघडेनात. मी म्हटलं, अरे, रोजा माझा आहे, तुमचा नाही, जेवा. मग जेवली, पण भिंतीकडे तोंड करून. मला हसू पण येत होतं आणि कसंतरी पण होत होतं. त्यातला एक आमच्या घरातलं शिजवलेलं काही घ्यायचा नाही. चहासुद्धा नाही. नको म्हणताना फार गोड बोलायचा, पण कळतंच की. मग मी शहाळं आणून ठेवायला लागले. कोयता त्याच्या हातात द्यायचा. त्याने फोडायचं, त्याने प्यायचं. शहाळं त्याने कधी नाकारलं नाही.

ए-२०३ (सर): वा आपा.

बी-१०३ (आपा): वा काय सर. वाईट वाटलंच होतं मला. पण माणूस उन्हात काम करतोय, त्याच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. आणि अजून एक, रंगवाल्यांना खायला देण्याआधी साबण द्या. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनच्या हातांनीच पोळी मोडतात.

बी-२०२: आपा, तुमचं वाचलं आणि सकाळपासून जे लिहू की नको चाललं होतं ते लिहिते. काकू, वेगळे कप कशाला?

(दहा मिनिटं शांतता. मग कोणीतरी लिहिलेला एक मेसेज डिलीट केल्याची खूण.)

बी-३०१ काकू: अगं स्वच्छ असतात ते. मी स्वतः घासते. ह्यांचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी सांगितलंय, जंतुसंसर्ग सांभाळा.

बी-२०२: काकांची काळजी घ्यायलाच हवी. मग मी येते तेव्हा मला कुठल्या कपात देता?

बी-३०१ काकू: खोटं कशाला बोलू. तुला सेटमधला.

बी-२०२: माझ्या बाबांच्या थैलीत थापी, ओळंबा, सूत, पाणसळ आणि जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला असायचा. चेपलेला. मला वाटायचं तहान लागते म्हणून ठेवतात. चहाची किटली पडवीत आली की बाबा लगेच स्वतःचा पेला पुढे करायचे, घरातल्या बाईने आत कप शोधायला जायच्या आधीच. ते असं का करायचे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यांनी कधी सांगितलं नाही.

ए-२०३ (सर): माझं आजोळ महाडचं. चवदार तळं आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ला झाला, पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण तळ्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ला बाबासाहेब तिथे ओंजळभर पाणी प्यायले, आणि त्यानंतर गावातल्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. तळ्यावरच्या हक्काचा कोर्टात निकाल लागायला १९३७ उजाडलं. हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. आणि आमच्याच आजोळी गड्याचा कप वळचणीला उलटा खोचलेला असायचा, तोही मी लहानपणी रोज बघितलेला. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी वर्गात कधी बोललो नाही.

सी-१०१: सर, काकू जातीवरून करत नाहीयेत. कोण कुठला, त्यांना माहीतही नाही.

ए-२०३ (सर): माहीत नाही हे खरं. तरी कप वेगळाच निघाला ना.

सी-३०२ (कुडाळवाले भाऊ): जावंदे आता. काकू वायट माणूस न्हय.

बी-२०२: कोण म्हणतंय वाईट? आख्ख्या सोसायटीत वर चहा नेणाऱ्या त्या एकट्या आहेत. म्हणून तर त्यांना विचारलं. जे दारच उघडत नाहीत त्यांना काय विचारणार.

ए-१०१ (मेडिकलवाले): काकू, वैद्यकीय बाजूने सांगतो. काकांसाठी सांभाळायचं तर काकांचा कप वेगळा ठेवा. बाकी सगळ्यांचे साबणाने, गरम पाण्याने धुवा, पुरे आहे.

(त्या दिवशी काकूंचं उत्तर आलं नाही. संध्याकाळी सेक्रेटरींनी वॉचमनच्या खोलीबाहेर खिळ्याला टांगलेल्या चावीचा फोटो टाकला. सी-१०१ने त्याखाली लिहिलं, "जुनी सतरंजी आहे, गच्चीच्या दाराशी पॅसेजमध्ये अंथरू का? जिन्यापेक्षा बरं." त्यावर सात अंगठे.)

रविवार

बी-३०१ काकू (सकाळी ९.४०): सासूबाई असल्यापासून कपाटाच्या खालच्या फळीवर ते कप आहेत. त्यांनी ठेवले म्हणून मी ठेवले. कधी विचारच केला नव्हता. काल रात्री ह्यांनी विचारलं, "आपल्या नळाचा माणूस आला होता तेव्हा त्याला कुठला दिला होता?" मला आठवेना. म्हणजे तोच दिला असणार.

बी-३०१ काकू (९.४३): सेटमधले सहाच आहेत. दोन रोजच्यातले काढलेत. आठ झाले. एखादा फुटला तर सेट मोडेल, जरा जपून धरा म्हणून सांगशील का गं तूच? मी सांगितलं तर त्यांना भलतंच वाटायचं.

बी-२०२: सांगते काकू.

बी-३०१ काकू: आणि आज घावणे करू का? नारळाचा रस आहे.

बी-१०३ (आपा): मी रस आणते. तुम्ही घावणे बघा, आठ माणसांना तव्याशी दीड तास उभं राहावं लागेल.

सी-३०२ (कुडाळवाले भाऊ): आठच? हय नववो बसलो हा.

बी-२०२ (१०.२०): काकू, मिस्त्रींना विचारलं. माल ११.१०ला संपेल. चहा तेव्हा ठेवा. त्यांचा बिनसाखरेचा.