वाडीच्या कबड्डी संघाचा हंगाम आणि निळ्या कार्डाची चौकशी

विषय: वाडीच्या संघाचा हंगाम
(देवगड तालुक्यातून)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

ऑकलंड सोडताना गावच्या संघाची खबरबात कळवीन असं कबूल केलं होतं. गेल्या वर्षी न्यूझीलंडमधल्या आपल्या मंडळाने वर्गणी काढून पोरांना जर्सी आणि नीकॅप दिले, तेव्हा हिशेबाइतकाच हंगामाचा वृत्तांतही तुमच्या हक्काचा आहे. उशीर झाला, माफ करा. भाताची झोडणी झाली, मग कलमं मोहरली, फवारण्या सुरू झाल्या आणि लिहायचं राहून गेलं. आता शिमगा तोंडावर आलाय. शिमग्याची स्पर्धा झाली की आंबा काढणी, आणि आंबा सुरू झाला की इथे कबड्डीला माणूस मिळत नाही.

आमचं मैदान म्हणजे भाताचा कुणगा, छोटं खाचर. कापणी झाली की मळ्यातला तळचा कुणगा पोरं मागून घेतात. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, चाळलेली माती पसरायची, पाणी मारून रोलर फिरवायचा. रोलर म्हणजे सिमेंट भरलेलं पत्र्याचं पिंप. मग १३ बाय १० मीटरच्या रेषा फक्कीने आखायच्या. या वर्षी खडे वेचायला मीही बसलो. तीन संध्याकाळी बादल्या भरभरून खडे काढले, तरी चौथ्या दिवशी दव सुकल्यावर नवे खडे वर आलेले. जांभ्याचा मुलूख आहे, खडा संपत नाही. पोरं अनवाणीच खेळतात.

पाच स्पर्धा खेळलो. एक जिंकली, दोनदा उपांत्य फेरीपर्यंत गेलो, दोनदा पहिल्याच सामन्यात घरी आलो. कारण शोधायला लांब जायला नको. संघ कागदावर बारा जणांचा, पण आमचा मुख्य चढाईपटू मुंबईत कुरिअरच्या गोदामात आहे. त्याला रजा मिळाली तर तो शुक्रवारी रात्री कोकणकन्येत बसतो, शनिवारी रात्री खेळतो आणि रविवारी परत. मधल्या फळीतला एक मच्छीमार बोटीवर. बोट बंदरात आली नाही तर तो नाही. दोन सामने आम्ही नेमके सात गडी घेऊन खेळलो, एकही बदली गडी नाही. पूर्वी गिरणगावात कोकणातल्या गड्यांचे संघ उभे राहिले, आणि आजही गावच्या संघाचा निम्मा जीव मुंबईतच आहे.

जिंकलेल्या स्पर्धेचा अंतिम सामना मात्र मी जन्मात विसरणार नाही. खाडीपलीकडचा संघ. शेवटची सात मिनिटं उरलेली, आम्ही आठ गुणांनी मागे आणि मैदानात तीनच गडी. माझ्या चुलतभावाचा मुलगा उजव्या कोपऱ्यात. एकोणीस वर्षांचा, अंगाने सडसडीत, पण चवडा धरला की सोडत नाही. आमचे मार्गदर्शक दोरीबाहेरून एकच वाक्य सांगत होते, ‘घाय करू नको, रेषा खंय पळान जाणा नाय.’ पोरगा थांबला. चढाईपटूला बोनस रेषेपर्यंत आत येऊ दिला, आणि तो वळायला लागला तेव्हा खाली झेपावला. तीनच गडी असताना केलेली पकड ती अव्वल पकड, दोन गुण. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. तिथून सामना फिरला. शेवटच्या मिनिटात आम्ही त्यांच्यावर लोण चढवला, म्हणजे त्यांचे सगळे गडी बाद केले, आणि एका गुणाने जिंकलो. रात्री दोन वाजता सगळी वाडी जागी होती. हरलेल्या संघाला वाढायला आमच्या बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत बसल्या होत्या.

आता जे सांगायला खरं तर हा मेल लिहायला घेतला, ते सांगतो.

पुढच्याच स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, त्याच पोराने तशीच पकड टाकली. समोरचा चढाईपटू लांब पायांचा. हा चवड्यावर गेला आणि त्याच क्षणी त्याने पाय मागे ओढला. गुडघा सरळ कानाच्या वर बसला. शहाळं खाली पडावं तसा आवाज मला दोरीबाहेर ऐकू आला. पोरगा चार-पाच श्वास तसाच पडून राहिला, मग उठला, अंगावरची माती झटकली. पंचांनी विचारलं तर म्हणाला, ‘माका काय्येक जावक नाय.’ कोणीतरी डोक्यावर पाणी ओतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर तो नऊ मिनिटं खेळला, दोनदा पुन्हा चवड्यावर गेला.

सामना संपल्यावर माझ्या शेजारी येऊन बसला आणि विचारलं, ‘गुण किती झाले?’ सांगितलं. पाणी प्यायला, परत विचारलं, ‘गुण किती झाले?’ तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. घरी पोचेपर्यंत गाडीवर मागे गप्प बसून होता. बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, उतरला आणि उलटी झाली. पहाटेपर्यंत आणखी दोन. शेजाऱ्यांची ओम्नी काढून दवाखाना, तिथून सीटी स्कॅनसाठी कणकवली. ती वळणावळणांची वाट, मागच्या सीटवर आईच्या मांडीवर त्याचं डोकं, आणि ती माउली दर पाच मिनिटांनी त्याला हाक मारतेय. रक्तस्राव नाही निघाला, देवाची कृपा. मेंदूला हादरा बसलाय, विश्रांती द्या, असं डॉक्टर म्हणाले.

आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं शनिवारी रग्बी खेळतात. पंच खेळाडूला निळं कार्ड दाखवून बाहेर पाठवतात हे मी तिकडे पाहिलंय, पण त्यामागचं नीट कधी विचारलं नाही. कोणी सविस्तर सांगाल का? शिमग्याच्या आधी मला ते वाडीत सांगायचं आहे.

आपला,
वाडीतला आणि मंडळातला

———

उत्तर: वाडीच्या संघाचा हंगाम
(ऑकलंडहून)

दादा,

आधी आज रात्री उपयोगी पडेल ते. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा उलट्या झाल्या, उठवून उठेना, बोलणं अडखळलं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली किंवा झटका आला, तर स्कॅन चांगला आलाय म्हणून थांबू नका, लगेच घेऊन जा. आणि स्कॅन चांगला आला म्हणजे काही झालंच नाही असं घरच्यांना वाटू देऊ नका. असा हादरा बहुतेक वेळा स्कॅनमध्ये दिसतच नाही. पहिले एक-दोन दिवस शांत पडू दे, मोबाइल कमी, मग हळूहळू चालणं-फिरणं.

आता निळं कार्ड. इथल्या क्लबच्या रग्बीत डोक्याला मार बसल्याची पंचाला शंका जरी आली तरी तो निळं कार्ड काढतो. २०१८ पासून हे देशभर आहे. पिवळं किंवा लाल कार्ड ही शिक्षा असते, निळं नाही. ते दाखवलं की खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, डॉक्टर तपासतात, किमान तीन आठवडे खेळ बंद, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पुन्हा मैदानावर पाऊल नाही. मुख्य गोष्ट अशी की ‘तू बरा आहेस का?’ हा प्रश्न निर्णयासाठी खेळाडूला विचारलाच जात नाही. ज्याच्या डोक्याला लागलंय त्याचंच डोकं त्या वेळी धड चालत नसतं. तुमच्या पोराने तीनदा गुण विचारले ना, तेच ते.

मी हे वाचून नाही सांगत. माझा मुलगा ८५ किलोखालच्या गटात खेळतो आणि त्यांच्या संघाची व्यवस्था मी बघते. या गटाची देशपातळीवरची स्पर्धा २०२० पासून सुरू झाली, त्यामुळे आपल्या चणीच्या पोरांना धिप्पाड गड्यांसमोर उभं न राहता खेळता येतं. कबड्डीत पुरुषांची वजनमर्यादाही ८५ किलोच, हे मला त्यानेच सांगितलं. मागच्या हंगामातला आमचा शेवटचा सामना धो-धो पावसात झाला. घोट्याएवढा चिखल, चेंडू हातात ठरत नव्हता. आम्ही १२-१९ असे मागे होतो. दहा मिनिटं उरली असताना आमच्या कप्तानाचं डोकं समोरच्याच्या कमरेवर आपटलं. तो लगेच उठला, पण उठताना एक पाऊल तिरकं पडलं. तेवढं एक पाऊल पंचाने पाहिलं आणि निळं कार्ड काढलं. पोरगा रडला, हात जोडून विनवलं. शेवटच्या मिनिटाला आम्ही पाच गुणांचा ट्राय केला, १७-१९. बरोबरीसाठी दोन गुणांची किक हवी होती, आणि ती नेहमी मारणारा कप्तान बाहेर बसलेला. दुसऱ्याने मारली, खांबाला लागून परत आली. हरलो. नंतर क्लबच्या खोलीत दोन्ही संघ एकत्र जेवले, आणि समोरच्या प्रशिक्षकाने भाषणात पहिलं नाव त्या पंचाचं घेतलं.

इथे प्रशिक्षक आणि पंच दोघांनाही दरवर्षी दुखापतीविषयीचं शिक्षण घ्यावंच लागतं. २००१ पासून तो कार्यक्रम चालू आहे. आणि १९७४ पासून अपघाताच्या उपचाराचा बराचसा भार सरकारी योजना उचलते, त्यामुळे दवाखान्यात जायला कोणी कचरत नाही. गावात तसं नाही, हे मला कळतं. पण कार्डाला पैसे लागत नाहीत.

एक विचारते. पकड टाकताना त्याचं डोकं कुठे होतं? इथे लहानपणापासून घोटवतात की डोकं समोरच्याच्या अंगापुढे कधी न्यायचं नाही, बाजूला आणि मागे ठेवायचं. चवडा धरताना गुडघ्याच्या रेषेत डोकं येत असेल तर ती पकडच नव्याने शिकवायला हवी.

तुमची,
शनिवारी मैदानावर असणारी ताई

———

उत्तर: वाडीच्या संघाचा हंगाम
(वेलिंग्टनहून)

मंडळी,

ताईंचं सगळं पटलं. पण पोरांना मॅट, म्हणजे कबड्डीसाठी मैदानावर अंथरायची गादी, द्यावी हा विषय मी सोडणार नाही. पोरं खड्यांवर पडतात हे दादांनीच लिहिलंय. शिवाय आता जिल्ह्याची निवड चाचणी मॅटवर, बूट घालून होते. मातीवर अनवाणी वाढलेला गडी तिथे पहिल्या दहा मिनिटांत घसरतो, आणि निवड समितीला तेवढीच दहा मिनिटं दिसतात. निधीत रक्कम शिल्लक आहे. पोरांना मॅट द्या.

एक जुना गडी, वय ७१

———

उत्तर: वाडीच्या संघाचा हंगाम
(देवगड तालुक्यातून)

काका, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही. मॅट हवीच. पण ती ठेवायची कुठे ते आधी ठरवावं लागेल. इथल्या पावसात चार महिने बंद खोलीतली गादीसुद्धा बुरशी धरते, मॅट कुणग्यात अंथरता येत नाही, आणि शाळेच्या पडवीत अर्धीच मावेल. गणपतीत चाकरमानी आले की जागेचं बोलून घेतो आणि तेव्हा लिहितो.

ताई, तुमचा मेल मी छापून घेतला आणि देवळासमोरच्या पारावर सगळ्या संघाला वाचून दाखवला. आधी कुजबुज झाली. एकजण म्हणाला, गडी बाहेर बसवला तर सामना जाईल. तेव्हा पोराची आई पुढे आली. कबड्डीच्या बैठकीत ती कधी बोलत नाही. ती म्हणाली, कणकवलीच्या वाटेवर मी त्याला हाका मारत होते, तेव्हा मला सामना कोणी जिंकला ते ठाऊक नव्हतं. त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही.

मार्गदर्शकांनी दुसऱ्या दिवसापासून चवडा पकड पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली. डोकं बाहेरच्या अंगाला, हनुवटी छातीशी, हात आधी, अंग मागून. पोत्यात भाताचा तूस भरून त्याचा पाय केलाय, त्यावर रोज संध्याकाळी पन्नास वेळा. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. आमच्या सात गड्यांपैकी चौघांचं डोकं गुडघ्याच्या रेषेतच जात होतं. इतकी वर्षं ते कोणी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांनी आपल्या पोराला तीन आठवडे झाडावर चढायला बंदी केली आहे. आंब्याचे दिवस, झाडावर चढणाऱ्याला मजुरी जास्त, घरात पैशाची गरज. तरी बाप एका शब्दानेही बोलला नाही. पोरगा खाली उभा राहून नूतन झेल्याने, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीने, हाताला लागणारे आंबे काढतो, पेटीत पेंढा लावतो. डोकं दुखणं आठव्या दिवशी थांबलं.

शिमग्याची स्पर्धा काल झाली. कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं असतात, निळं नाही. पंचांना आम्ही आधीच भेटलो. ते म्हणाले, नियमात नाही ते मी दाखवू शकत नाही, पण तुम्ही गडी बदलायला मागितलात तर मी खेळ थांबवीन. मग आम्ही ते आमच्याकडेच ठेवलं. निळ्या ताडपत्रीचा तळहाताएवढा तुकडा कापून मार्गदर्शकांनी खिशात ठेवला.

दुसऱ्या सामन्यात, साखळीने पकड करताना आमच्याच दोन गड्यांची डोकी एकमेकांवर आपटली. त्यातला एक मुंबईहून आलेला चढाईपटू. रात्रभर प्रवास करून आलेला, त्याच एका स्पर्धेसाठी. मार्गदर्शकांनी तुकडा वर धरला. लोक ओरडले, ‘खेळूंदे त्याका!’ ते हललेसुद्धा नाहीत. दोन्ही गडी बाहेर आले, दोन बदली आत गेले, आणि आम्ही पाच गुणांनी हरलो.

चढाईपटू गुणलेखकाच्या टेबलाशेजारी येऊन बसला. तिथे आपलं पोरगं वही घेऊन बसलं होतं, त्याला गुण लिहायचं काम दिलं होतं. त्याने वहीचं पान उलटं केलं, चढाईपटूकडे पाहिलं आणि विचारलं, ‘सांग बघू, गुण किती झाले?’