मदत हवी आहे: कॉमिक्सच्या सुट्या अंकांची छपाई कशी ओळखायची? पिशव्या, पुठ्ठे आणि गंजलेल्या पिना

पानोपानी

नमस्कार मंडळी,

हाताशी दोन प्रकारचे अंक आहेत. एक म्हणजे नवे: डीसीच्या अ‍ॅब्सोल्यूट मालिकांपैकी बॅटमॅन आणि वंडर वुमन, शिवाय मार्व्हलचा २०२४ साली सुरू झालेला अल्टिमेट स्पायडर-मॅन. दुसरा एकगठ्ठा मिळालेला जुना माल, साधारण १९७० ते १९८५ मधले मार्व्हल-डीसीचे अंक, सगळे न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर) छापलेले. मिळून तीनशेच्या आसपास. अडचणी अशा:

१. पहिली छपाई, दुसरी छपाई आणि व्हेरिअंट मुखपृष्ठ (त्याच अंकाचं वेगळ्या चित्राचं मुखपृष्ठ) यातला फरक खात्रीने कसा ओळखायचा? काही जुन्या अंकांवर बारकोडच नाही, ते नकली आहेत का?
२. नव्या अंकांच्या मापाच्या पिशव्या आणल्या, पण जुने अंक त्यांत घालताना कोपरे दुमडतात. टेप काढताना मुखपृष्ठाला चिकटते ती वेगळीच.
३. जुन्या अंकांच्या पिनांभोवती तपकिरी डाग आहेत, पानं कडेने पिवळी पडली आहेत, कुबट वास येतो.
४. सगळ्यांना मायलार (पॉलिएस्टरच्या टिकाऊ पिशव्या) घ्यावं का?
५. चालू मालिका सुट्या अंकांतच घ्याव्यात की बरेच अंक एकत्र बांधलेल्या खंडाची वाट पाहावी?

अंक वाचायचे आहेत, विकायचे नाहीत. आगाऊ आभार.

शाईओला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बारकोडमध्येच आहे. मोठ्या बारकोडच्या उजवीकडे पाच आकड्यांचा एक छोटा बारकोड असतो. त्यातले पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा आणि पाचवा छपाईचा. ००१११ म्हणजे अंक १, मुख्य मुखपृष्ठ, पहिली छपाई. ००१२१ म्हणजे तोच अंक, तीच छपाई, मुखपृष्ठ दुसरं. ००११२ दिसलं तर ती दुसरी छपाई. ०१२३१ म्हणजे बारावा अंक, तिसरं मुखपृष्ठ, पहिली छपाई. आधी शेवटचा आकडा बघायची सवय लावून घ्या.

हे गणित फसतं ते एकाच अंकाला नऊपेक्षा जास्त मुखपृष्ठं निघतात तेव्हा. एका आकड्यात ती मावत नाहीत, मग प्रकाशक आपापल्या सोयीने आकडे वापरतात. अशा वेळी आतल्या बारीक टाइपातल्या प्रकाशन-मजकुराकडे वळा. तो पहिल्या पानाच्या तळाशी, आतल्या मुखपृष्ठावर किंवा अगदी शेवटच्या पानावर असतो. पुनर्मुद्रण असेल तर बहुतेक वेळा तिथे तसं लिहिलेलं असतं. अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅनच्या पहिल्या अंकाच्या अनेक छपाया निघाल्यात, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही तपासणी खरोखर लागणार आहे. मुखपृष्ठाच्या चित्रावरून ठरवू नका.

१:२५ असं लिहिलेल्या व्हेरिअंटबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. याचा अर्थ, दुकानदाराने साध्या मुखपृष्ठाच्या २५ प्रती मागवल्या की त्याला ही एक प्रत मागवता येते. एकूण किती प्रती छापल्या, ते या गुणोत्तरावरून कळत नाही. आतली गोष्ट तीच, वाचणाऱ्याने त्यामागे धावू नये.

जुन्या अंकांवर बारकोड नाही म्हणून घाबरू नका. १९७०च्या दशकाच्या शेवटापासून अंक दोन वाटांनी विकले जात. वृत्तपत्रांच्या स्टॉलवर जाणाऱ्या प्रतींवर बारकोड असे. कॉमिक्सच्या दुकानांत जाणाऱ्या प्रतींवर त्याच चौकटीत तिरकी रेघ किंवा छोटं चित्र. मार्व्हलच्या अंकांवर स्पायडर-मॅनचं डोकं दिसतं ते हेच. दोन्ही प्रती अस्सल आणि दोन्ही पहिल्या छपाईच्या. आणि १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात बहुतेक अंकांवर बारकोड नव्हताच.

सावध राहायचं ते फॅक्सिमिली आवृत्त्यांपासून. जुन्या जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसकट अख्खा अंक पुन्हा छापलेला असतो, त्यामुळे फोटोत हुबेहूब वाटतो. हातात घेतला की लगेच कळतं: कागद पांढरा, मुखपृष्ठ गुळगुळीत, रुंदी आजच्या अंकाएवढी म्हणजे ६⅝ इंचांच्या आसपास, आणि बारीक टाइपात हल्लीचं साल. वाचायला मात्र फॅक्सिमिली उत्तम. जुना ठिसूळ अंक पुन्हा पुन्हा उघडण्यापेक्षा ती जवळ ठेवा.

आणखी एक. "अल्टिमेट स्पायडर-मॅन #१" नावाचा अंक २००० सालीही आला होता आणि २०२४ सालीही. दोन्हींतलं विश्व वेगळं, पीटर वेगळा. मागवताना साल लिहाच.

कणा_शाबूत

पिशव्यांचं बघू. अंकाची रुंदी काळाप्रमाणे कमी होत गेली, म्हणून एकच माप सगळ्यांना चालत नाही. पिशव्यांवर करंट, सिल्व्हर, गोल्डन अशी नावं असतात. करंट ६⅞ × १०½ इंच, सिल्व्हर ७⅛ × १०½, गोल्डन ७¾ × १०½. तुमचे नवे अंक करंटमध्ये बसतील. १९७०-८५च्या अंकांना सिल्व्हर घ्या. नावावर विसंबू नका, पट्टीने अंक मोजा आणि रुंदीत पाव इंच सैल राहील अशी पिशवी निवडा. जाड वार्षिक अंकांना एक माप मोठं. घट्ट पिशवीत जाड अंक कोंबला की अंकामागे ठेवलेला पुठ्ठाही वाकतो आणि कणाही.

कोपरे दुमडतात कारण अंक एकटा आत ढकलला जातो. टेबलावर पुठ्ठा ठेवा, त्यावर अंक, दोन्हींच्या तळकडा जुळवा आणि दोन्ही एकत्र धरून आत सरकवा. पुठ्ठा अंकापेक्षा किंचित रुंद असतो, त्यामुळे पिशवीच्या शिवणीला पुठ्ठ्याचा कोपरा लागतो, अंकाचा नाही.

टेपचं म्हणाल तर झाकणाची पट्टी मागच्या बाजूला, पुठ्ठ्यामागे वळवा. टेपचा दोन सेंटिमीटरचा एकच तुकडा मधोमध लावा आणि त्याचं एक टोक स्वतःवरच दुमडून धरायला जागा ठेवा. अंक काढायच्या आधी टेप पूर्ण काढून बाजूला लावायची. अर्धी सुटलेली टेप झाकणाला लोंबत राहते आणि अंक वर ओढला की मागच्या मुखपृष्ठावरची शाई घेऊन जाते. आयत्या चिकटपट्टीच्या पिशव्या घेणार असाल तर गोंद झाकणावर असलेल्या नकोत, पिशवीच्या अंगावर असलेल्या घ्या. झाकण उघडलं की गोंद अंकाच्या वाटेत येत नाही.

मायलार सगळ्यांना नको. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनच्या साध्या पिशव्या पाच-सात वर्षांनी बदलायच्या असतात. त्या गढूळ दिसू लागल्या किंवा लाटांसारख्या सुरकुतल्या की वेळ झाली समजा. मायलार कित्येक दशकं टिकतं. म्हणून तीनशे अंकांचे दोन ढीग करा. वारंवार वाचायचे ते साध्या पिशवीत. जुने, ठिसूळ, पुन्हा मिळणार नाहीत असे ते मायलारमध्ये, २ मिल (इंचाचे दोन हजारांश) जाडी पुरते. पीव्हीसीचं काहीही वापरू नका. नव्या प्लास्टिकचा उग्र वास आणि चिकट स्पर्श ही त्याची खूण. त्यातला मऊपणासाठी घातलेला द्रव बाहेर येतो आणि शाई उचलतो.

माझ्या मते पिशवीपेक्षा पुठ्ठा जास्त महत्त्वाचा, कारण कागदाला सतत टेकलेला तोच असतो. बरेच स्वस्त पुठ्ठे फक्त वरून गुळगुळीत लेप दिलेले असतात, गाभा आम्लयुक्तच. पीएच पेन मिळतो, त्याने तपासा. पुठ्ठ्याची एक कड तिरपी कापून उघड्या गाभ्यावर रेघ ओढा. जांभळी राहिली तर ठीक, पिवळी झाली तर आम्ल आहे. गाभ्यापर्यंत आम्लमुक्त आणि ३ टक्के कॅल्शियम कार्बोनेट घातलेला पुठ्ठा मिळाला तर जुन्या अंकांना तोच वापरा. एकाच बाजूला लेप असेल तर ती बाजू अंकाकडे. हा पेन कॉमिकवर चालवू नका, डाग जात नाही.

पानोपानी

पुठ्ठ्याची कड कापून बघितली, रेघ चक्क पिवळी झाली! म्हणजे सगळे पुठ्ठे बदलायचे का? आणि पिनांचं काय करू? तपकिरी डाग पानाच्या आतपर्यंत गेलाय.

कणा_शाबूत

जुन्या अंकांचे बदला. नव्यांचे सध्या राहू द्या, पुढच्या वेळी पिशव्या बदलताना तेही बदला.

दमट_हवा

पिन गंजते ती ओलाव्याने, तेव्हा आधी ओलावा. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के, तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस, हे कागदाला मानवतं. इतकं काटेकोर जमलं नाही तरी चढउतार टाळा. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी धरते, ३०च्या खाली कागद कडक होऊन तुटतो. खोक्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. सिलिका जेल ठेवायचं तर रंग बदलणारं घ्या, रंग बदलला की तापवून कोरडं करा. कोरडं न करता ठेवलेल्या सिलिकाचा काहीच उपयोग नाही.

पिनांना तेल, गंज काढायचं द्रव, पॉलिश यांतलं काहीही लावू नका. तेल कागदात उतरतं आणि गंजाच्या डागापेक्षा मोठा डाग पडतो. पृष्ठभागावर नुसती तपकिरी झाक असेल आणि पानं घट्ट असतील तर हात लावू नका, ओलावा कमी करून थांबा. पिन खपल्या धरून कागद खात असेल आणि अंक फक्त वाचायचा असेल, तरच काढा. मधलं पान उघडून अंक सपाट ठेवा. पिनेच्या पायाखाली आधी पातळ कडक कागद सरकवा म्हणजे पानाला ओरखडा जाणार नाही. मग बोथट पातळ पट्टीने एकेक पाय सरळ उभा करा, अंक उलटा करून कण्याच्या बाजूने पिन सरळ वर उचला. तिरकी ओढली की भोक फाटतं, आणि न्यूजप्रिंट तिथेच सर्वांत कमकुवत असतो. नवी स्टेनलेस पिन जुन्याच भोकांतून घाला. विकायच्या अंकाला हे करू नये, बदललेली पिन प्रतवारीत दोष म्हणून धरली जाते. तुमचा तो प्रश्न नाही.

पिवळेपणा परत जात नाही. न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन असतं आणि कागद करतानाचं आम्लही. प्रकाश आणि उष्णता त्याला वेग देतात. ब्लीच, ऊन, इस्त्री हे सगळे उपाय कागद आणखी कमजोर करतात. वेग मात्र कमी करता येतो. आम्ल शोषणारा मायक्रोचेंबर कागद मिळतो, त्याचा एक ताव पुढच्या मुखपृष्ठाच्या आत आणि एक मागच्याच्या आत ठेवा.

वासासाठी झाकणाचं मोठं खोकं घ्या. तळाशी उघड्या वाटीत खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा, वर जाळी, जाळीवर अंक पानं थोडी उघडी ठेवून उभे. पावडर कागदाला लागता कामा नये. आठवडाभर ठेवा, वास उरला तर सोडा बदलून पुन्हा. आधी बुरशी जिवंत आहे का ते मात्र बघा. ओली, पसरणारी असेल तर तो अंक लगेच वेगळा काढून कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवा. सुकून भुकटी झाली की घराबाहेर, मास्क लावून मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलीत तर ती कागदात जाऊन बसेल.

कागद खाणाऱ्या किड्यांच्या खुणा दिसल्या तर अंक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर दव थेट कागदावर धरतं.

खोकी घेताना छोटी घ्या. पिशवी-पुठ्ठ्यासह शंभर-सव्वाशे अंक मावतात आणि एकट्याला उचलता येतात. अंक उभे, ना कोंबलेले ना कलंडलेले. जागा उरली तर चुरगळलेला आम्लमुक्त कागद किंवा फोमचा ठोकळा भरा, कारण कललेल्या अंकाचा कणा काही महिन्यांत वळतो. खोकं जमिनीपासून हातभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता.

खंडप्रेमी

शेवटच्या प्रश्नाबद्दल माझं मत ठाम आहे: जी मालिका महिन्याला वाचल्याशिवाय राहवत नाही ती सुट्या अंकांत, बाकी सगळ्या खंडांत. अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन आणि अल्टिमेट स्पायडर-मॅन या दोन्हींच्या पहिल्या खंडात १ ते ६ अंक आहेत, म्हणजे अर्ध्या वर्षाचं वाचन एका बैठकीत. अल्टिमेटमध्ये तर दर अंकाला गोष्टीतला काळही महिनाभर पुढे सरकतो, त्यामुळे ती सुट्या अंकांत वाचण्यात खरी मजा आहे.

डीसीची "अ‍ॅब्सोल्यूट एडिशन" नावाची जुनी, मोठ्या आकाराची, खोळीतली हार्डकव्हर मालिका वेगळी आहे. शोधताना दोन्ही एकत्र येतात. २०२४ सालची मालिका हवी असेल तर लेखकाचं नाव जोडून शोधा: बॅटमॅनसाठी स्कॉट स्नायडर, वंडर वुमनसाठी केली थॉम्पसन.

डीसी कॉम्पॅक्ट ही ५½ × ८½ इंचांची आवृत्ती प्रवासाला छान, पण दाट संवादांची पानं तिथे डोळ्यांना त्रास देतात. जाड ऑम्निबस (पुष्कळ अंकांचा एकच मोठा खंड) घेतला तर बांधणी शिवलेली आहे का ते बघा. नुसती चिकटवलेली असेल तर जोडपानावरचं चित्र मधल्या घडीत गडप होतं. नवा जाड खंड एकदम मधोमध उघडू नका. कण्यावर उभा धरून पुढून दहा-पंधरा पानं, मग मागून तेवढीच, असं आलटून पालटून मध्यापर्यंत या.

पानोपानी

सगळ्यांचे मनापासून आभार. ढीग करायला घेते. नोंद ठेवायला काय रकाने असावेत?

शाईओला

मालिका, मालिका सुरू झाल्याचं साल, अंक क्रमांक, छोट्या बारकोडचे पाच आकडे, खोक्याचा क्रमांक, पिशवी बदलल्याचा महिना. जुन्या अंकांचे तपशील आणि मुखपृष्ठं ग्रँड कॉमिक्स डेटाबेसवर पडताळून घ्या, फॅक्सिमिली निघाली असेल तर तिचीही वेगळी नोंद तिथे सहसा सापडते. पिन बदललेल्या अंकांसमोर तसं लिहून ठेवा.