ब्लॉग सुचवताना यादी द्यावी की एकच लेख?

वाचनवेडी (धागा सुरू करताना):
'वाचलेच पाहिजेत असे ५० ब्लॉग' छापाच्या याद्या बंद व्हाव्यात, असं माझं ठाम मत आहे. लोक यादी बुकमार्क करतात आणि विषय तिथंच संपतो. नावापुढे नुसतं 'छान लिहितात' एवढंच असेल, तर काय म्हणून उघडायचं? एकच लेख द्या आणि तो का वाचावा ते दोन ओळींत सांगा. उदाहरणार्थ: 'हे गृहस्थ जुनी खिशातली घड्याळं दुरुस्त करतात. मेनस्प्रिंग तुटली की धक्क्यानं चाकाचे दातेही जातात. ते भिंगाखाली कसे दिसतात ते फोटोंसकट दाखवलंय.' घड्याळांत रस नसलेलाही हे उघडून बघेल. ज्या पानाला बाहेरून फारशा लिंका नाहीत, ते सर्चमध्ये सहसा वर येत नाही, लेखन कितीही कसदार असो. त्यामुळे आपणच एकमेकांना सांगायला हवं, आणि नीट सांगायला हवं.

पानोपानी:
अजिबात पटलं नाही. ब्लॉग आपण त्या माणसासाठी वाचतो. तुम्ही त्याचा सगळ्यात चमकदार लेख देणार, वाचणारा तेवढाच वाचून निघून जाणार. ब्लॉगरोल आठवतोय का? बाजूच्या पट्टीत नुसती नावं, एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही. तरी ज्याचं लेखन आवडलं त्याची आवड म्हणून आपण एकावरून दुसऱ्यावर जात राहायचो. मला आवडणारे बहुतेक ब्लॉग असेच सापडले. यादी कोणाची आहे, यावर सगळं असतं.

वाचनवेडी:
ब्लॉगरोलबद्दल भांडण नाही, तो वाचणाऱ्यानं केलेला असतो. 'टॉप ५०' करणाऱ्यानं त्यातले किती वाचलेले असतात? शिवाय जुन्या ब्लॉगरोलमधल्या कित्येक लिंका आता मेल्यात. मेलेली लिंक दिसली तर पत्ता वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साइट) टाकून बघा, पुष्कळदा लेख मिळतो.

फीडवाला:
सापडण्यापेक्षा टिकण्याची अडचण मोठी आहे. असे लोक दोन-तीन महिन्यांतून एकदा लिहितात, रोज जाऊन कोण बघणार? त्यासाठी फीड असते, म्हणजे ब्लॉगवरच्या नव्या लेखांची आपोआप ताजी होणारी यादी; फीड रीडर अशा सगळ्या फीड एका जागी दाखवतो. १ जुलै २०१३ला गूगल रीडर हा असाच फीड रीडर बंद झाला आणि अनेकांची फीड वाचायची सवयच गेली. फीड मात्र अजून आहेत. कुठल्याही फीड रीडरमध्ये ब्लॉगचा पत्ता टाका, बहुतेक वेळा तो फीड स्वतःच शोधतो. मी मित्रांना माझी ओपीएमएल फाइल (माझ्या सगळ्या फीडचे पत्ते असलेली) देतो. तीही यादीच, पण एका झटक्यात आयात होते. नाही आवडलं ते काढून टाकायचं.

कोपरा:
सरसकट सुचवूच नये, या मताची मी आहे. घरातल्या आजारपणाबद्दल एक बाई लिहायच्या, वाचणारे मोजकेच. कुणीतरी चांगल्या हेतूनं लिंक मोठ्या ग्रुपवर टाकली. परक्यांच्या प्रतिक्रियांचा लोंढा आला: उपचारांचे सल्ले, 'हे चव्हाट्यावर कशाला मांडता' असे टोमणे. त्यांनी आधी कमेंट बंद केल्या, मग लिहिणंच बंद केलं. आधी विचारलं असतं, तर त्या नाही म्हणाल्या असत्या.

पानोपानी:
वाईट झालं, पण ब्लॉग उघडा ठेवला म्हणजे वाचावा हीच इच्छा ना? परवानगी मागत बसलो तर कुणी कुणाला काही सुचवणारच नाही. बरेच जण तर कुणी वाचत नाही म्हणूनच लिहिणं सोडतात.

कोपरा:
कुणी वाचावं आणि हजारोंनी तुटून पडावं, यात फरक आहे. घड्याळवाल्यांची लिंक खुशाल टाका. स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहिणाऱ्याला मात्र आधी मेल करा.

वाचनवेडी:
हा फरक मला पटला, माझ्या नियमात तो नव्हता. पानोपानी, तुमच्या ब्लॉगरोलमधलं एक नाव द्या आता. कारणासकट हं!

पानोपानी:
देतो की. पण कारण एका ओळीचंच असेल, आणि लिंक लेखाची नाही, पहिल्या पानाची.