गिरगाव चौपाटीवर पाण्याच्या तपासणीचा आकडा लावावा का?

ठाकूरद्वारकर
1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्य गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले, म्हणून त्यांचा पुतळा इथे आहे. 1930 च्या एप्रिलमध्ये इथल्याच पाण्याच्या घागरी भरून लोकांनी मीठ केलं. अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय मुंबईच्या त्या सत्याग्रहात पुढे होत्या. हा इतिहास सांगणारे फलक हवेतच. पण त्यांच्या शेजारी आजचं पाणी कसं आहे हेही लिहा. ज्या पाण्याच्या मिठासाठी लोक तुरुंगात गेले, त्यात आज पोरं गुडघाभर उतरतात आणि आईबापांना काही माहीत नसतं. समुद्रस्नानाच्या पाण्यात 100 मिलीलीटरमागे मलजन्य कोलिफॉर्म, म्हणजे मैल्यातून येणारे जिवाणू, साधारण 100 च्या आत हवेत, असं आपलंच मानक आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने तपासतं, पण वाळूवर उभ्या माणसापर्यंत ते आकडे येत नाहीत.

मंडळाचा कार्यकर्ता
माझा विरोध आहे. असा फलक लागला की दर भाद्रपदात बोट आमच्या गणेश मंडळांकडे. गटारं बारा महिने वाहतात, पण बातमी विसर्जनाचीच होते. भेळवाल्यांच्या पोटावर पाय येईल तो वेगळाच.

ठाकूरद्वारकर
अहो, मूर्तीमुळे कोलिफॉर्म वाढत नाहीत, ते मैल्यातून येतात. पीओपी आणि रंगांचा प्रश्न खरा आहे, पण तो स्वतंत्र आहे. वर्षभर आकडा लागला तर मूर्ती नसताना, फेब्रुवारीतही पाणी कसं आहे ते सगळ्यांना दिसेल. मंडळांनीच ही मागणी करायला हवी.

पर्जन्यवाहिनी
मी सांडपाण्याच्या कामातला आहे. कोलिफॉर्मच्या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. सोमवारचा आकडा गुरुवारी लावून काय उपयोग? आणि 1930 चं पाणी निर्मळ होतं असं चित्र रंगवू नका. एकोणिसाव्या शतकापासून वरळीला लव्हग्रोव्हजवळ शहराचा मैला समुद्रातच जातोय. पैसे असतील तर वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप इथल्या सात नव्या प्रक्रिया केंद्रांवर लावा. खरं दुखणं म्हणजे पावसाळी नाल्यांतून भर उन्हाळ्यात वाहणारं सांडपाणी. ते वळवा.

खारा वारा
केंद्रं व्हावीत, नाले वळवावेत, पण तोवर काय? 2013 च्या विसर्जनात पाकट माशांनी कितीतरी जणांच्या पायांत काटे मारले. रक्त दिसलं, म्हणून मुंबईभर बोलबाला झाला. जिवाणू दिसत नाहीत. पोराला चार दिवसांनी जुलाब लागले तर कुणी चौपाटीला दोष देत नाही, बाहेरच्या खाण्याला देतात. भेळवाल्यांची काळजी असेल तर हेही बघा.
शिळ्या आकड्याचं म्हणाल तर महिन्याची सरासरी लावा. मोठ्या पावसानंतर दोन दिवस पाण्यात जाऊ नका, एवढं सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

पर्जन्यवाहिनी
सरासरी चालेल, पण नमुना कुठला तेही लिहा. नाल्याच्या तोंडाशी घेतलेलं पाणी आणि पन्नास पावलांवरचं पाणी सारखं नसतं. चौपाटीसमोरची खाडी, बॅक बे, उथळ, अर्धवर्तुळाकार. घाण काठाशी घुटमळते. दोन्ही ठिकाणचे आकडे वेगळे द्या. नुसती सरासरी दिलीत तर नाला लपेल.

मंडळाचा कार्यकर्ता
नाल्याचा आकडा वेगळा लावणार असाल तर आमच्या मंडळाच्या बैठकीत विषय घेतो. एकच आकडा लावणार असाल तर विरोध कायम.