मदत हवी आहे : शहराच्या मध्यभागात पुन्हा जीव आणायचाय, पण लोकांना सोबत घ्यायचं कसं?

नमस्कार मंडळी,

शहराचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ही रड बहुतेक मध्यम शहरांची असावी. आसपासच्या गावांची सगळी कामं जिथे होतात असं शहर, आणि त्याचाच मधला भाग ओस पडत चाललाय. मोठी दुकानं बाहेरच्या रस्त्याला गेली, वरचे मजले रिकामे, संध्याकाळी शटरं खाली आली की सामसूम. या भागाचा आराखडा करणाऱ्या गटात लोकसहभागाची बाजू माझ्याकडे आहे.

बैठका होतात, पण येणारे चेहरे तेच. व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, काही निवृत्त मंडळी आणि प्रत्येक विषय पार्किंगवर आणून सोडणारे दोघं-तिघं. भाड्याने राहणारे, दुकानांत नोकरी करणारे, कॉलेजची मुलं, फेरीवाले यांतलं कुणीच नाही. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाला आग्रहाने बोलावलं, तर म्हणाला, "ताई, तुमची बैठक सहाला आणि आमचं गिऱ्हाईकही सहालाच." यावर मला उत्तर सुचलं नाही.

लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांची १९६९ सालची सहभागाची शिडी अनेकांना माहीत असेल. आठ पायऱ्या, तळाशी लोकांना गुंडाळणं आणि वर प्रत्यक्ष नागरिकांच्या हाती सत्ता. माहिती देणं, मत विचारणं आणि थोडंफार देऊन समजूत काढणं या मधल्या तीन पायऱ्यांना त्यांनी नुसता दिखावा म्हटलंय. आम्ही प्रामाणिकपणे बघितलं तर चौथीवर आहोत, म्हणजे मत विचारतो आणि वहीत लिहून घेतो. पैसा आणि अंतिम सही दुसऱ्याच्या हातात असताना याच्या वर जाता येतं का? कुणी गेलंय का? आणि रिकाम्या गाळ्यांचे मालक, जे बहुतेक बाहेरगावी असतात, त्यांना चर्चेला कसं आणायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. "जनजागृती करा" सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद १

आधी एक काम करा. जे खातं सही करणार आहे त्याच्याकडून लेखी घ्या की काय ठरून गेलंय आणि काय अजून बदलू शकतं. बदलण्यासारखं फक्त बाकड्यांचा रंग असेल, तर बैठकीचा घाट घालू नका. लोक एकदा फसले की पुढची पाच वर्षं फिरकत नाहीत.

दुसरं, बोलावू नका, जा. दुपारची मंद वेळ साधून दुकानात जा, बसथांब्यावर उभे राहा. आणि "तुम्हाला काय हवं?" असं मोघम विचारू नका, त्याचं उत्तर पार्किंगच येणार. "काल इथे कशाला आलात, काम झाल्यावर थांबलात का, नाही तर का नाही?" असं विचारा.

पार्किंगवाल्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांनाच मोजायला लावा. ब्रिस्टलमधल्या २००६ च्या एका पाहणीत दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं. प्रत्यक्षात निघालं २२ टक्के. तुमच्याकडे आकडा उलटाही निघेल, पण दुकानदाराने स्वतः मोजलेला आकडा तो नाकारत नाही.

प्रतिसाद २

रिकाम्या गाळ्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचं उदाहरण बघाच. तिथला पोलादाचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला, १९८९ च्या भूकंपाची जखम त्याआधीचीच, आणि मुख्य रस्त्यावर इमारतीमागून इमारत रिकामी. २००८ मध्ये मार्कस वेस्टबरी यांनी 'रिन्यू न्यूकॅसल' ही संस्था काढली. इमारती विकत घेतल्या नाहीत, रीतसर भाडेकरारही केला नाही. मालकाकडून नुसता वापराचा तात्पुरता परवाना घेतला, ३० दिवसांच्या मुदतीचा, पुढे पुढे वाढत जाणारा. खरा भाडेकरू मिळाला की जागा परत. मालकाला 'कुळ बसेल' ही जी धास्ती असते तीच निघून गेली. मग तिथे कारागीर, चित्रकार, छोटे धंदेवाले आले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते यातच आहे. सगळेच बैठकीला येणारे नसतात. काहींचा सहभाग म्हणजे किल्ली देणं, काहींचा म्हणजे शटर उघडणं. लोकांना मत मागण्याऐवजी जागा द्या, तुमच्या त्या मोबाईलवाल्याचे मित्रही येतील.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. ३० दिवसांची मुदत दुधारी आहे. ज्यांनी रस्ता जिवंत केला त्यांनाच, भाव वाढले की, एका नोटिशीत बाहेर काढता येतं. हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा, आणि जमलं तर मालकाकडून कबूल करून घ्या की भाड्याने द्यायची वेळ आली तर आधी त्याच माणसाला विचारायचं.

रस्त्याबद्दल म्हणाल तर कायमचं काही बांधू नका, आधी करून बघा. कोपनहेगनचा स्ट्रॉगेट हा बाजाराचा मुख्य रस्ता १९६२ मध्ये प्रयोग म्हणूनच गाड्यांना बंद केला होता. धंदा बसेल म्हणून दुकानदारांनी ओरड केली होती. १९६४ मध्ये तो कायमचा पायी चालणाऱ्यांचा झाला. नकाशावर हो-नाही म्हणायला सामान्य माणूस बिचकतो, डोळ्यासमोरच्या रस्त्यावर मात्र बिनधास्त बोलतो. फक्त प्रयोग फसला तर मागे घेऊ हे खरोखर मनात असू द्या.

आणि खर्च वर्गणीवर ठेवू नका. चार जण देतात आणि चाळीस जण फायदा घेतात. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांना हाच जाच होता, म्हणून १९७० मध्ये त्या हद्दीतल्या सगळ्याच व्यावसायिक मिळकतींवर आकार बसवायची सोय झाली. पैसा सगळ्यांचा झाला की हिशोब विचारायलाही सगळे येतात, आणि तुम्हाला हवी ती गर्दी तीच.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. मोजणीचं पटलं, संघटनेच्या अध्यक्षांनाच वही-पेन देते. लेखी मागायचं पत्रही उद्याच टाकते, उत्तर कधी येईल ते सांगता येत नाही.

प्रतिसाद २ ला एक विचारायचंय. तात्पुरत्या परवान्यावर दिलेल्या गाळ्यात आग लागली, छत पडलं किंवा कुणाला शॉक बसला तर जबाबदारी कुणाची? मालक पहिला प्रश्न हाच विचारतील. मधल्या संस्थेने विमा काढायचा, तर नोंदणी कुठल्या स्वरूपाची करावी? असा करारनामा कुणी केला असेल तर त्यातली कलमं, नावं गाळून, इथे टाकाल का?